दोष मुलाचा नव्हता

१८९४ साली न्यू यॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ल्यूथर एमेट होल्ट यांनी बालसंगोपनावर एक छोटेखानी पुस्तक काढले. मुले सांभाळणाऱ्या दायांना शिकवताना ते तयार झाले, म्हणून त्याची मांडणी प्रश्नोत्तरांची होती. शौचाची सवय कोणत्या वयात लावता येते, या प्रश्नाला होल्ट यांचे उत्तर होते: लवकर सुरुवात केली तर बहुधा दुसऱ्या महिन्यापर्यंत. दाईने गुडघ्यांमध्ये वाडग्याएवढे भांडे धरायचे, बाळाची पाठ आपल्या छातीला टेकवून त्याला त्यावर धरायचे, आणि हे सकाळ-दुपारच्या दुधानंतर रोज ठरल्या वेळीच करायचे. भांड्यावर कशासाठी धरले आहे ते बाळाला कळावे म्हणून सुरुवातीला साबणाचा तुकडा किंवा तेल लावलेली कागदाची बारीक सुरळी गुदद्वाराशी लावायची. मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावण्याचा उपाय आपल्या आज्यांनाही ठाऊक होता. फरक होता तो घड्याळाचा. आपल्याकडे बाळ झोपून उठले, कुंथू लागले, की आजी पाय लांब करून त्याला पायांवर घेई आणि तोंडाने ‘शू-शू’ करी. म्हणजे बाळाची वेळ आजी पाळत असे. होल्ट यांच्या बाळाने मात्र दाईची वेळ पाळायची होती.

होल्ट यांच्यापासून आजवर सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली. मुलाला शी-शूची सवय नेमकी कधी लावावी, यावर या काळात डॉक्टरांनी, मानसशास्त्रज्ञांनी, सरकारी खात्यांनी आणि डायपर विकणाऱ्यांनी आपापली उत्तरे दिली, आणि जवळपास प्रत्येक पिढीने मागच्या पिढीचे उत्तर उलटे फिरवले. माझे म्हणणे असे की मुळात प्रश्नच चुकीचा निवडला गेला होता. बहुतेक मुले लवकर शिकवली काय किंवा उशिरा शिकवली काय, शिकतातच. ज्यांचे अडते, जी चार-पाच वर्षांची झाली तरी चड्डीत शी करतात किंवा भांड्यावर बसायलाच नकार देतात, त्यांचे बहुतांशी अडते ते दुखण्यामुळे. एकदा दुखले की मूल शी कोंडून धरते, कोंडल्याने खडा होतो, आणि खडा पुढच्या वेळी जास्त दुखवतो. इतकी साधी साखळी वैद्यकाला फार उशिरा नीट दिसली. तोवर आरोपीच्या पिंजऱ्यात कधी मूल उभे राहिले, कधी त्याची आई.

घड्याळाचा हा हट्ट कुठून आला, ते पाहिल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या वैद्यकावर एका कल्पनेने गारूड केले होते: आतड्यात मळ साचला की त्यातून विष तयार होते आणि ते रक्तात भिनते. पॅरिसच्या शार्ल बूशार यांनी १८८७ मध्ये ही कल्पना पद्धतशीर मांडली. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधले विल्यम आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठासाठी मोठे आतडेच काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. अमेरिकेच्या वॉल्टर अल्व्हारेझ यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले की डोकेदुखी, मरगळ वगैरे लक्षणांचे कारण विष नसून साठलेल्या मळाने आतड्यावर येणारा ताण आहे. पण घराघरात मुरलेली भीती शास्त्रीय लेखाने जात नाही. रोज ठरल्या वेळी पोट साफ झालेच पाहिजे, हा नियम जणू आरोग्याची पहिली आज्ञा ठरला, आणि तो न पाळणाऱ्या मुलाला रेच मिळू लागला. अमेरिकेत सोनामुखी घातलेले कॅस्टोरिया घरोघरी होते. ब्रिटनमध्ये दात येताना द्यायच्या पुड्यांमध्ये कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, असे. त्याने पोटही साफ होई. याच पुड्यांमुळे हातपाय लाल होऊन सुजणारा, मुलाला बेचैन करणारा ‘पिंक डिसीज’ नावाचा आजार होतो, हे वॉर्कनी आणि हबर्ड या डॉक्टरांनी १९४८ मध्ये दाखवले. १९५०च्या दशकात पुड्यांतून पारा निघाला आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आपल्याकडेही अधूनमधून मुलांचे नाक दाबून एरंडेल पाजण्याचा रिवाज होता, आणि त्याच्यामागची भीती फार वेगळी नव्हती.

अमेरिकेत १९१२ मध्ये बालकल्याणासाठी केंद्र सरकारचे एक खाते स्थापन झाले आणि १९१४ मध्ये त्याने मातांसाठी बालसंगोपनाची पुस्तिका काढली. पुढची अनेक वर्षे ती आवृत्त्या बदलत लाखो घरांत गेली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्येही सवय पहिल्या काही महिन्यांतच लावावी, असा सल्ला होता. १९२८ मध्ये वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी त्यावर कडी केली. आठ महिन्यांच्या पुढच्या मुलाला पट्ट्याने बांधता येईल अशी खास बैठक द्यावी, खेळणे न देता न्हाणीघरात ठेवावे आणि दार लावून घ्यावे, असे त्यांचे सांगणे होते. आज हे क्रूर वाटते. पण त्या काळच्या आईची बाजूही पाहिली पाहिजे. धुलाईयंत्रे सर्रास नव्हती, आणि दिवसाला डझनभर लंगोट हाताने उकळून धुणाऱ्या बाईला एक वर्ष लवकर सुटका मिळणे ही काही चैन नव्हती. कडक शिस्तीच्या या शास्त्राला टिकाव मिळाला तो धुण्याच्या बादलीमुळेही. प्रश्न एवढाच की मूल बांधलेले असताना त्याला दुखत आहे का, हे पाहायला त्या बंद दारामागे कुणी नव्हते.

घड्याळानंतर मनाची पाळी आली. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०८ मध्ये एक छोटा निबंध लिहून काटकसर, टापटीप आणि हट्टीपणा या स्वभावगुणांचा संबंध बालपणीच्या शौचाच्या अनुभवाशी जोडला. त्या कल्पनेची झेप पुढे इतकी वाढली की दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ जेफ्री गोरर यांनी जपानमध्ये क्षेत्रकार्य न करताच जपानी लोकांच्या स्वभावाचे मूळ त्यांच्या कडक शौचशिक्षणात शोधले. नंतर प्रत्यक्ष जपानी कुटुंबे पाहणाऱ्यांना ते शिक्षण तेवढे कडक आढळले नाही. विल्यम स्युएल यांनी १९५२ मध्ये विस्कॉन्सिनच्या शेतकरी कुटुंबांतली १६२ मुले तपासली, आणि सवय कधी व कशी लावली यावरून मुलाचे व्यक्तिमत्त्व ठरते, या समजुतीला काही आधार मिळाला नाही. तरीही दवाखान्यात या विचाराचा ठसा उमटलाच. चड्डीत शी होण्याला १९२६ मध्ये वायसनबर्ग यांनी ‘एन्कोप्रेसिस’ हे नाव दिले. रात्री अंथरूण ओले करण्याला जो शब्द होता, त्याच्याच धर्तीवर हे नाव घडवले होते. शब्द तटस्थ होता, पण त्याचा अर्थ पुढे मनाच्या बाजूनेच लावला जाऊ लागला. मूल चिडून, सूड म्हणून घाण करते, आईने फार जबरदस्ती केली किंवा फार लाड केले, अशी स्पष्टीकरणे पुढे आली. वॉटसन यांच्या काळात आई ढिली म्हणून दोषी होती, आता ती कडक म्हणून दोषी ठरली.

वॉटसन यांच्यासारख्यांच्या कडक शिस्तीची प्रतिक्रिया म्हणून १९४६ मध्ये बेंजामिन स्पॉक यांचे पुस्तक आले आणि मुलाच्या तयारीची वाट पाहा, हा सल्ला घराघरात पोहोचला. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझलटन यांनी आपल्याकडे दहा वर्षांत आलेल्या १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आधी कपड्यांसकट खुर्चीवर बसणे, मग लंगोट काढून, मग शी त्या भांड्यात टाकून दाखवणे, अशा टप्प्यांनी, मुलाच्या कलाने शिकवल्यावर दिवसाची सवय सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना पूर्ण झाली आणि फार थोड्या मुलांना पुढे त्रास उरला. याच सुमारास, १९६१ मध्ये, प्रॉक्टर अँड गॅम्बलने वापरून फेकायचे डायपर बाजारात आणले होते. इथे एक रास्त आक्षेप येतो. ब्रेझलटन पुढे डायपरच्या जाहिरातीत झळकले. तेव्हा मुलाच्या कलाने घ्या, हा सल्ला शास्त्राचा की बाजाराचा? या संशयात तथ्य आहे, पण अर्धेच. पैशाचा हितसंबंध आला की सल्ल्याकडे डोळसपणे पाहावे, हे खरे. परंतु १९६२च्या नोंदी जाहिरातीच्या कितीतरी आधीच्या आहेत, आणि जबरदस्ती नको हा भाग नंतरच्या स्वतंत्र अभ्यासांतही टिकला. बाजाराने फायदा उठवला तो वेगळ्या गोष्टीचा: ओलेपणा न जाणवणारे डायपर घातलेल्या मुलाला आपण काय केले ते कळत नाही आणि आईला घाई राहत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिवसा कोरडे राहण्याचे मध्यम वय मुलींसाठी साडेबत्तीस आणि मुलांसाठी पस्तीस महिने निघाले.

दुसरा आक्षेप आपल्याकडे अधिक ऐकू येतो: आमच्या आज्या-पणज्यांनी वर्षाच्या आत मुले शिकवली, त्यांना कुठे काय झाले? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही, कारण त्याला जगातून पुरावा आहे. केनियाच्या किनाऱ्यावरच्या डिगो समाजाचा अभ्यास मार्टेन आणि रेचेल डेव्हरीज यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या आया बाळ दोन-तीन आठवड्यांचे झाले की त्याला पायांत धरून, विशिष्ट आवाज करून बसवतात, आणि पाच-सहा महिन्यांत मूल बऱ्यापैकी कोरडे राहू लागते. आपल्या आजीची पद्धत हीच. म्हणजे लवकर सुरुवात करणे स्वतःहून घातक नाही. पण त्यात कोण काय करते, ते पाहिले पाहिजे. डिगो आई किंवा मराठी आजी बाळाचे इशारे वाचते, झाले तर ठीक, नाही झाले तर त्याला उचलून घेते. शिक्षा नाही, बंद दार नाही. दुधावरच्या बाळाची शी सहसा मऊ असते, तेव्हा बाळाला दुखण्याची धास्तीही कमी. अडचण सुरू होते ती नंतर: गाईचे दूध भरमसाठ, भाजी-फळे कमी, पाणी कमी, आणि मग एक दिवस खडा. त्या दिवसानंतर आजीने वर्षाच्या आत लावलेली सवयही मोडते, हे अनेक घरांनी पाहिले आहे. तेव्हा आज्यांचे यश लहान वयापेक्षा त्यांच्या हळुवारपणाचे होते.

आता या इतिहासात ज्या अवयवाकडे सर्वांत कमी लक्ष गेले, त्या आतड्याकडे येऊ. कोपनहेगनचे हॅराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत दोन बाळांची हकीकत मांडली, ज्यांचे मोठे आतडे प्रचंड फुगून ती दगावली होती. खालच्या भागात मज्जापेशीच नसल्याने मळ पुढे सरकत नाही, हे कारण नंतर कळले, आणि १९४८ मध्ये ऑर्व्हार स्वेन्सन यांनी त्यावरची शस्त्रक्रिया मांडली. या शोधाचा एक अनपेक्षित फायदा झाला. ज्यांच्या आतड्यात मज्जापेशी होत्या आणि तरीही जी मुले तुंबलेली होती, अशांचा मोठा गट वेगळा उठून दिसू लागला. मरे डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अशा मुलांसाठी आधी साचलेले काढून टाकणे आणि मग पुष्कळ दिवस खनिज तेलाने शी मऊ ठेवणे, अशी पद्धत मांडली. १९७५ मध्ये बॉस्टनचे मेल्विन लेव्हिन यांनी चड्डीत शी होणारी १०२ मुले तपासली. त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात मळ साचून राहिलेला आढळला. अनेकांच्या आईवडिलांना आपल्या मुलाला बद्धकोष्ठ आहे, याची कल्पनाच नव्हती, आणि ते स्वाभाविक होते. ज्याच्या चड्डीत दिवसातून चार वेळा डाग पडतात, त्याला बद्धकोष्ठ असेल, असे कोण म्हणेल?

याचे उत्तर शरीराच्या कारभारात आहे. एकदा खड्याने कड फाटली, आग झाली, की दोन-तीन वर्षांचे मूल ठरवते की आता पुन्हा नाही. वेग आला की ते पाय आवळते, चवड्यांवर उभे राहते, पडद्यामागे लपते, चेहरा लाल करते. मोठ्यांना वाटते ते कुंथत आहे. प्रत्यक्षात ते रोखत असते. थोड्या वेळाने वेग ओसरतो. मोठे आतडे साठलेल्या मळातले पाणी शोषत राहते, खडा मोठा आणि टणक होतो. गुदाशय ताणला जातो आणि ताणला गेला की भरल्याची जाणीव बोथट होते. मग वरून येणारी पातळ शी खड्याच्या कडेने झिरपून चड्डीत उतरते, आणि मुलाला ते कळत नाही. घरचे म्हणतात जुलाब झाले, आणि जुलाब थांबवायचे औषध देतात. वास सर्वांना येतो, पण नाक सवयीने बधिर झालेल्या मुलाला येत नाही. म्हणून ते खोटे बोलते, असा आरोप होतो. मन कारण आहे की परिणाम, हा फ्रॉइडच्या काळापासूनचा प्रश्न इथे बऱ्याच प्रमाणात सुटतो: लाज, चिडचिड, लपवालपवी बहुतेक वेळा मागून येते. मानसिक तणाव, नवे भावंड, शाळा बदल यांनी शी रोखायला सुरुवात होऊ शकते, हे नाकारायचे कारण नाही. पण एकदा चक्र सुरू झाले की ते मनाच्या समजावणीने थांबत नाही, आधी शी मऊ करावी लागते.

या निष्कर्षाला पुढच्या दशकांत अधिक बळ मिळाले. ब्रूस टॉबमन यांनी १९९७ मध्ये ४८२ मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा २२ टक्के मुले भांड्यात लघवी करायची पण निदान महिनाभर शी करायला नकार द्यायची. हा नुसता हट्ट म्हणावा का? नेथन ब्लम, टॉबमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३८० मुलांची क्रमवार नोंद ठेवली, आणि ज्यांच्यात नकार व बद्धकोष्ठ दोन्ही होते त्यांतल्या बहुतेकांत बद्धकोष्ठ आधी आलेले आढळले. याच गटाच्या २००३च्या अभ्यासात सत्तावीस महिन्यांच्या आधी जोरात सुरू केलेल्या शिकवणीचा काही फायदा दिसला नाही. शिक्षण नुसते लांबले. म्हणजे वयाच्या प्रश्नाचे उत्तर पुराव्याने दिले, पण ते निरुत्साही होते: त्याने फारसा फरक पडत नाही. ज्याने फरक पडतो ती गोष्ट दुखणे आहे.

मग तिसरा आक्षेप: रोज औषध दिले तर आतडे आळशी होईल, सवय लागेल. ही भीती निराधार जन्मलेली नाही. ती कॅलोमेल, सोनामुखी आणि एरंडेलाच्या युगाची वारसदार आहे, जेव्हा औषध म्हणजे पोट खळखळून रिकामे करणारा एकदाचा रेच होता आणि दुसऱ्या आठवड्यात मूल पुन्हा तुंबायचे. आज पहिल्या पसंतीचे औषध वेगळ्या प्रकारचे आहे. मॅक्रोगॉल आतड्यात पाणी धरून ठेवते, स्वतः फारसे शोषले जात नाही आणि आतड्याला चाबूक मारत नाही. ब्रिटनच्या २०१० सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शनाने तेच पहिले औषध ठरवले आणि ते पुरेसा काळ, काही महिने, देण्यावर भर दिला. लॅक्ट्युलोजही अनेक वर्षे वापरात आहे. उलट घोटाळा होतो तो औषध लवकर बंद केल्याने. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि चार दिवस बरे गेले म्हणून बाटली ठेवून दिली की चक्र पुन्हा सुरू होते. सवय औषधाची लागत नाही, शी रोखण्याची लागते. ती मोडायला न दुखणाऱ्या शेकडो वेळा लागतात.

शेवटचा आक्षेप शिस्तीचा आहे. सर्व माफ केले तर मूल बेजबाबदार होणार नाही का? इतिहास इथे फार स्पष्ट आहे. वॉटसन यांच्या बंद दाराने, रागावण्याने, ओल्या चड्डीत तसेच ठेवण्याने रोखण्याचे कारणच वाढते. शिस्त हवी, पण ती मोठ्यांनी पाळायची आहे: जेवणानंतर आतडे आपोआप हलते म्हणून त्या वेळी पाच-दहा मिनिटे निवांत बसवणे, कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवणे, भारतीय बैठकीच्या मोठ्या भोकाची भीती वाटत असेल तर अंगणातल्यासारखी कागदावर बसण्याची मुभा देणे, आणि झाले तर शाबासकी, नाही झाले तर गप्प राहणे. शाळेच्या बाबतीत शिस्त शाळेने पाळायची आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहे अनिवार्य आहेत. ती घाण, बिनदाराची किंवा कुलूपबंद असतील, तर सहा तास रोखणे हाच मुलाला शिकवलेला धडा ठरतो. सगळीच मुले या साध्या गटात बसत नाहीत, हेही इतिहासाने शिकवले आहे. जन्मानंतर दोन दिवसांत काळी शी न झालेले बाळ, पोट फुगणारे, वजन न वाढणारे, हिरव्या उलट्या करणारे मूल यांना घरगुती उपाय नव्हेत, डॉक्टरांची तपासणी हवी.

सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या वादात प्रत्येक पिढीने मुलाकडून काही ना काही मागितले: वेळ पाळ, हट्ट सोड, तयार हो. बोलता न येणाऱ्या मुलाने त्या पिढ्यांना जे सांगायचे होते ते पाय आवळून सांगितले, आणि ते वाचायला आपण उशीर केला. म्हणून पाच वर्षांच्या ज्या मुलाची चड्डी रोज खराब होते, त्याला रागावण्याआधी, त्याच्या वयाचा हिशेब करण्याआधी, त्याला न दुखता मऊ शी शेवटची कधी झाली होती, एवढे विचारा. उत्तर आठवत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्याची वेळ झाली आहे.